घबाड सापडल्याचा खुलासा

आम्ही आखाडात लग्न केलं. मी पन्नाशीचा, ती चव्वेचाळीसची. माझ्या घरी मराठी, तिच्या घरी तेलुगू. माझ्या नावावर एक जुनी स्कूटर, तिच्या नावावर शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना. एवढ्यात ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या खुशाल तिथंच ठेवाव्यात. हे वाचून होईपर्यंत खाली आणायची गरज पडणार नाही.

हे लग्न मोडायला आलं होतं ते यातल्या कशावरूनही नाही, एका शब्दावरून. शब्द मीच वापरला होता, आणि तोही हौसेनं.

मी सोलापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. म्हणजे दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्यांना मथळे देतो, त्यांच्या चुका काढतो आणि जागा उरली तर स्वतःच्या घालतो. आमच्या धंद्यात 'घबाड' हा फार उपयोगी शब्द. 'बेहिशेबी मालमत्ता' एका कॉलमात बसत नाही. बसवायला गेलं की 'मत्ता' खालच्या ओळीत जाऊन पडते. घबाड मात्र तीन अक्षरांत बसतं आणि वाचणाऱ्यापुढं सगळं चित्र उभं करतं. गादीखालच्या नोटा, माळ्यावरचं पिंप, आणि टॉवेलनं तोंड झाकून जीपमध्ये चढणारा माणूस. टॉवेल सोलापुरीच असतो, तेवढा अभिमान आम्हाला आहे.

या शब्दाची एक गंमत मी वर्षानुवर्षं बघत आलो. तो नेहमी दुसऱ्याबद्दल वापरतात. चादरीच्या दुकानदाराला परगावची मोठी ऑर्डर मिळाली तर तो म्हणतो, देवाची कृपा. त्याच्या शेजारचा दुकानदार म्हणतो, घबाड लागलं. आपल्या पोराला नोकरी लागली तर ते अभ्यासाचं फळ, समोरच्याच्या पोराला लागली तर घबाड. ज्याला मिळतं तो आवाज खाली करतो, ज्याला मिळालेलं नसतं तो वर. शिवाय घबाड कुणी कमावत नाही, ते लागतं, नाहीतर सापडतं. स्वतःच्या तोंडानं 'मला घबाड लागलं' म्हणणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. शेवटी तो मीच निघालो.

पंचांगातलं घबाड तेवढं साळसूद. एखाद्या तारखेपुढं बारीक अक्षरात बसलेलं असतं. त्या वेळेला हाती घेतलेलं काम भरभरून फळतं म्हणे. माझी थोरली बहीण बार्शीला असते. ती फ्रीज घ्यायचा झाला तरी घबाड बघते. फ्रीज मग चार महिन्यांत बिघडतो आणि ती म्हणते, "दुकानदारानं बिल करायला उशीर केला, येळ टळली."

तर आता ओळख कशी झाली ते सांगतो. त्यातही माझं कर्तृत्व आहे.

महिला दिनाच्या पुरवणीत मी दोन बायकांचे फोटो लावले. एक गणवेशाचा कारखाना चालवणारी, दुसरी साप पकडून रानात सोडणारी. मजकूर बरोबर होता, फोटोंची अदलाबदल झाली होती. दुपारी गणवेशवाली बाई ऑफिसात आली. अंगावर सुती साडी, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती. काढायलाही थांबली नव्हती.

"हे पान कुणी लावलं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. आमच्या ऑफिसात एवढी एकी इतर वेळी दिसत नाही.

"सकाळपासनं दारात माणसं यायल्यात," ती म्हणाली. "चला की ताई, न्हाणीत साप निघालाय म्हणून."

"मग?"

"मग काय. गेले."

"गेलात?"

"त्यांची सून रडायला लागली होती, काय करू? धामण होती. काठी आपटली, गेली निघून. दुसऱ्या घरी गेले तर तिथं पाइपचा तुकडा."

मी हसलो. ती हसली नाही.

"हसू नका. खुलासा छापा."

दुसऱ्या दिवशी खुलासा छापला. मजकूर निर्दोष. फोटो मात्र परत सर्पमैत्रिणीचाच गेला. आता सर्पमैत्रीण ऑफिसात आली, कारण तिच्या घरी एका शाळेचा शिपाई गणवेशाचं कापड टाकून गेला होता. ती निदान टेप घेऊन आली नव्हती. तिच्या हातात साप पकडायची काठी होती.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः कारखान्यावर गेलो. कारखाना म्हणजे घराचा खालचा मजला, भिंतीला लागून शिलाई मशिनी, मधे कापायचं लांब टेबल, आणि निळ्या, खाकी, मरून रंगाच्या कापडांचे गठ्ठे छतापर्यंत. दाराशी तिची आई बसलेली, हाताशी बटणांची परात. नुसती माफी मागून परत फिरणं बरं दिसेना, म्हणून मी म्हटलं की एक पँट शिवून पाहिजे. तिनं माझ्या पोटाभोवती टेप फिरवली.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

तिनं टेपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आकडा आईला तेलुगूत सांगितला. आई बटणं टाकून हसायला लागली. त्या दिवशी मला कळलं की आपण परत येणार आहोत.

पुढं पँट आखूड झाली म्हणून गेलो, मग लांब झाली म्हणून. मग कारण न सांगता जायला लागलो. चहा यायचा, मशिनींच्या आवाजात बोलणं व्हायचं. ती पेपर वाचून त्यातल्या चुका काढून ठेवायची आणि मी गेलो की एकेक दाखवायची. एवढ्या प्रेमानं आमचा पेपर कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

एका दुपारी कॉलरी उलटवता उलटवता ती म्हणाली, "तुम्ही येता, चहा पिता, पँट काही तुमची उसवत नाही. पुढं काय विचार आहे?"

मी कप टेबलावर ठेवायला गेलो आणि पांढऱ्या कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला. चहा सांडला.

"मी विचार केलाय," डागावर पाणी टाकत ती म्हणाली. "तुम्ही करा आणि सांगा. घाई नाही. पण कापड भरून द्यायचं."

मी कापड भरून दिलं आणि होकारही.

आता त्या शब्दाकडं येतो. आमच्या ऑफिसात एक रीत आहे. कुणाचं लग्न ठरलं, कुणी निवृत्त झालं, कुणाचा पाय मोडला, की त्याच्या नावाचं एक खोटं पहिलं पान बनवायचं. खऱ्या पानासारखंच, आठ कॉलमी, फोटोसकट. छापायचं नाही, नुसती एक प्रत काढून भिंतीला लावायची. माझं लग्न ठरल्यावर पान निघणारच होतं. दुपारच्या निवांत वेळेत पोरांनी ते बनवायला घेतलं आणि मथळा दिला, 'अखेर लग्न ठरले!'

असला ढिला मथळा बघून माझ्या पोटात दुखतं. पान माझ्यावर होतं, मला दाखवायचंही नव्हतं, पण मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, सरका. आणि स्वतःच्या हातानं दुरुस्त केला.

'पन्नाशीत सापडले घबाड!' खाली लहान टायपात, 'शिलाई मशिनींसह नवरी ताब्यात.'

सगळं ऑफिस टाळ्या पिटत होतं. वृत्तसंपादक म्हणाले, "काय मथळा आहे बे! खऱ्या पानावर कधी देतोस का असा?" मी मान तुकवून दाद घेतली. मग कुणीतरी भिंतीवरच्या पानाचा फोटो काढला, आणि फोटो काढला की तो कुठं जातो हे सोलापुरात काय, कुठंच सांगायला नको. खऱ्या अंकाला लागतो त्यापेक्षा कमी वेळात ते पान गावभर झालं. कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या बायकांच्या फोनवरसुद्धा.

मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मशिनी चालू होत्या, पण कुणी मान वर केली नाही. आईनं बटणांची परात माझ्या बाजूनं हलवून दुसऱ्या बाजूला ठेवली. चहा आला नाही. तिनं फोन माझ्यापुढं धरला.

"कुठं सापडले मी? माळ्यावर का गादीखाली?"

"अगं, थट्टा आहे. ऑफिसात रीतच आहे तशी."

"रीत तुमची. बायका माझ्याकडं बघून गप्प व्हायल्यात. कालपर्यंत मला हिनं ठरवलं म्हणत होत्या. आज म्हणायल्यात, सापडली बिचारी."

"मी चांगल्या अर्थानं लिहिलं. म्हणजे माझं नशीब..."

"घबाडाला कुणी विचारतं का हो, तुला सापडायचंय का म्हणून?" आता मशिनी थांबल्या होत्या. "इथं विचारलं कुणी? मी विचारलं. तुम्हाला. तुम्ही चहा सांडलात. आणि बातमी काय, तर नवरी ताब्यात."

मी सवयीनं ते पान पुन्हा वाचायला घेतलं.

"तुमच्या पेपरात चूक झाली की खुलासा येतो ना?" ती म्हणाली. "याचा येणार का? येणार नसला तर पँटी दुसरीकडं शिवा. लग्नाचंही दुसरीकडंच बघा."

बाहेर आलो. स्कूटर सुरू झाली नाही. ढकलत निघालो तर आतून मशिनी पुन्हा सुरू झालेल्या ऐकू आल्या.

खरं सांगतो, तेव्हा मला पटलं नव्हतं. थट्टेचा कुणी राग धरतं का, असं मीही मनात म्हणत होतो. वृत्तसंपादकांना सांगितलं तर ते म्हणाले, "खोट्या पानाचा खुलासा? असलं कधी झालंय का बे? आज खुलासा देशील, उद्या जाहीरनामा देशील. आत्ताच वाकलास तर पुढं सरळ चालायचं विसर."

ताईचा बार्शीहून फोन. तिलाही पान पोचलं होतं आणि ते तिला भारी आवडलं होतं.

"त्यात वाईट काय हाय रं? घबाड म्हंजे लक्ष्मीच की! आनि खोटं काय लिवलंस? तुला न्हाय का लागलं घबाड? स्वतःचं घर, कारखाना, आनि तुझी ती स्कूटर..."

"ताई, स्कूटरचं राहू दे."

"गप बस आनि काय खुलासा बिलासा करू नगंस. चारचौघांत हसं हुईल."

"हसं तर आधीच झालंय ताई. फक्त भलत्याच माणसाचं झालंय."

हे बोलून गेलो आणि मग मला ते ऐकू आलं. हीच तर तिची तक्रार होती. खोटं पान निघतं ज्याची चेष्टा करायची त्याच्यावर. माझ्यावर निघालं होतं. पहिल्या मथळ्यात मी होतो, लोक मला हसणार होते. मी खुर्ची ओढून बसलो, स्वतःला त्यातून अलगद बाहेर काढलं आणि तिला आत बसवलं. वर टाळ्याही घेतल्या.

मग मी अडून बसलो. ताईनं पुन्हा फोन केला, उचलला नाही. वृत्तसंपादकांनी विचारलं, काय लिहितोयस? म्हटलं, खुलासा. ते म्हणाले, वेडा आहेस. म्हटलं, ते खरं आहे, पण त्याचा खुलासा वेगळा.

कागद घेऊन कारखान्यावर गेलो. बायका होत्या, आई होती. ती कापायच्या टेबलाशी उभी होती, हातात शिवणाचा खडू. मी सगळ्यांसमोर वाचायला सुरुवात केली.

"मंगळवारच्या पानावर अनवधानाने..."

"थांबा. अनवधानानं? पोरं तर सांगत होती, मथळा बसवायला तुम्ही स्वतः मांडी घालून बसला होता."

तिनं कागद टेबलावर पसरला आणि खडूनं 'अनवधानाने' वर रेघ मारली. बायका भोवती गोळा झाल्या. शेवटी 'क्षमस्व' होतं. तेही खोडलं.

"ते राहू दे की," मी म्हणालो. "शोभून दिसतं."

"माफी नको मला. बातमी बरोबर करा."

आम्ही बातमी बरोबर केली. मी वाक्य म्हणायचं, तिनं खडू चालवायचा, मधूनच एखादी बाई म्हणायची, "ताई, हे लई गुळमुळीत झालंय." तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या, माझी एवढी कापली गेली ती त्याच दिवशी. शेवटी जे उरलं ते असं:

'खुलासा. पन्नाशीत घबाड सापडल्याचे वृत्त चुकीचे आहे. सदर महिला कोठेही सापडलेली नाही. तिने पूर्ण विचारांती, शुद्धीवर असताना, स्वतः विचारणा करून एका उपसंपादकाला पसंत केले आहे. सापडला असेल तर तो उपसंपादक. या निर्णयामागचे कारण उपसंपादकाला अद्याप समजलेले नाही.'

शेवटच्या ओळीपाशी खडू थांबला. मला वाटलं, गेली.

"ही राहू दे," ती म्हणाली. "ही खरी आहे."

इतका वेळ गप्प असलेली आई तेलुगूत काहीतरी बोलली. मला दोनच शब्द कळले, लंके बिंदेलु.

"काय म्हणतात?"

"आमच्यात घबाडाला तसं म्हणतात. लंके बिंदेलु. साखळीनं जोडलेल्या दोन घागरी. जुन्या काळी माणसं धन पुरायची ना, तसल्या. एक हाती लागली की तिच्या मागनं दुसरी येते." ती हसू दाबत होती. "आई म्हणतीय, एका घागरीत काय आहे ते मला ठाऊक आहे. दुसरीत काय आहे ते अजून उघडून बघायचंय."

सगळ्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पोट आत घेतलं.

चहा आला. मी तिथंच उभं राहून तो खुलासा ज्या ज्या ग्रुपवर पान गेलं होतं त्या त्या ग्रुपवर टाकला. ऑफिसच्या, शाळेतल्या मित्रांच्या, आणि ताईच्या बार्शीच्या भजनी मंडळाच्यासुद्धा. उत्तरं आली. 'लग्नाआधीच बैल झाला.' 'बायकोनं लिहून घेतलं वाटतं.' मी प्रत्येकाला तोच खुलासा पुन्हा पाठवला आणि खाली लिहिलं, होय, तिनंच लिहून घेतलं, मथळाही तिनंच तपासला, तुमच्या लग्नाचा कुणी तपासला होता का? एक जण ग्रुप सोडून गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तारखेचं तिनं आधीच सांगितलं होतं. शाळा उघडून गणवेशाची गर्दी संपेपर्यंत तिला मान वर करायला फुरसत नव्हती. गर्दी ओसरली तेव्हा आखाड लागला होता.

"आखाडात?" ताई फोनवर ओरडली. "आखाडात कुनी लगीन करतं का? पंचांग तरी बघितलंस?"

"नाही."

"मी बघितलंय! त्या दिवशी घबाड न्हाय!"

"बरं झालं," मी म्हटलं. "ते आधीच पुरेसं झालंय."

तरी ताई आली. नवी साडी नेसून, तोंड फुगवून, साक्षीदार म्हणून सही करायला आली. दुसरे साक्षीदार वृत्तसंपादक, तिसरी नवरीची आई. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं माझ्याकडं निरखून पाहिलं.

"पेपरवाले का तुम्ही? तुमचं ते पान वाचलं होतं की! घबाड लागलं राव तुम्हाला!"

खुलासा त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. खुलासे कधीच पोचत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ताई छताकडं बघायला लागली. वृत्तसंपादक खोकले. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं, खडू चालवायच्या आधी कागदाकडं पाहायची तसं.

"साहेब," मी म्हटलं, "जरा समोर बघा. पहिली सही कुणाची झालीय?"

"यांची."

"माझी?"

"अजून व्हायचीय."

"मग यांनी ठरवलंय, मी अजून ठरायचोय. कुणाला काय लागलं ते त्यांना विचारा. मला कसं ठाऊक असणार?"

कारकून गोंधळून तिच्याकडं वळला. "काय हो, ताई?"

"बघू," ती म्हणाली, आणि पेन माझ्या हातात दिलं. "करा सही. खाली रिक्षा थांबलीय."

मी सही केली. ताईनं 'आखाडात!' असं पुटपुटत केली. वृत्तसंपादकांनी नेहमीच्या सवयीनं सगळा अर्ज पुन्हा वाचला आणि एक चूक काढली. माझ्या वयाची होती, मीच घातलेली. शेवटी आईनं तेलुगूत सही केली, पेन परत ठेवलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. त्यात पुन्हा ते लंके बिंदेलु होतं. माझी बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली.

जिना उतरताना मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"सांग की."

"म्हणाली, दुसरी घागर वर काढायला लई जड निघाली."

"म्हणजे भरलेली आहे!"

"पोटाकडं बघून म्हणाली," ती म्हणाली, आणि रिक्षात आधी चढून बसली.